झाकणाखालचा थेंब

बाटली खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा पाक तळापासून गळ्यापर्यंत नितळ होता. बिघडलं होतं ते सगळं वर, पृष्ठभागावर. शर्टाच्या बटणाएवढं एक पांढुरकं बेट, त्याच्या कडेला हिरवट झाक, आणि शेजारी टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके. बाटली तिरपी केली तशी बेटं काचेला चिकटली आणि खालून पाक स्वच्छ वाहत गेला.

त्या दिवशी एकाच पातेल्यातला पाक मी चार बाटल्यांत भरला होता. साखर तीच, पाणी तेच, गाळणंही तेच. बाटल्या आणि झाकणं एकत्रच उकळून घेतलेली. तीन आठवड्यांनी दोन बाटल्यांवर बुरशी आली आणि दोन ठणठणीत राहिल्या. सगळी खेप नासली असती तर कुठेतरी हात ओला लागला असेल असं म्हणून मी विषय सोडून दिला असता. पण बरोबर अर्धी नासली, आणि ते काही डोक्यातून जाईना.

बाबांना दाखवलं. बाबा कंपाउंडर होते. तयार औषधांच्या बाटल्या सर्रास यायच्या आधीच्या काळात दवाखान्यात मिश्रणं हातानं व्हायची, आणि कडू औषध पोटात जावं म्हणून त्यात पाक लागायचा. तो पाक त्यांनी ४० वर्षं केला. त्यांनी बाटली घेतली, पाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. झाकण काढून उलटं केलं आणि आतल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"झाकणं गरम असतानाच लावलीस?"

"हो. पण दोनच. बाकीची दोन झाकणं ओली होती, म्हणून त्या बाटल्यांवर फडकं टाकून ठेवलं आणि संध्याकाळी बंद केल्या."

"मग त्या दोन टिकल्या असतील."

त्या दोनच टिकल्या होत्या.

आमच्या घरी पाक लागतो तो रोजच्या पेयांसाठी. थंड लिंबूपाण्यात साखर घातली की ती तळाशी बसते. कितीही ढवळा, शेवटचा घोट गोड आणि पहिला आंबट. थंड कॉफीचंही तेच. साखर आधीच विरघळवून बाटलीत ठेवली की चमचाभर घातला आणि झालं, वरपासून खालपर्यंत एकसारखी गोडी. सुरुवातीला मी लागेल तसा वाटीभर करायचे. मग आठवड्याचा करायला लागले, मग महिन्याचा, आणि तिथेच गोष्टी बिघडू लागल्या. वाटीभर पाक चुकला तरी संध्याकाळपर्यंत संपतो, त्यामुळे चूक कळतच नाही. दोन लिटर पाकात तीच चूक महिनाभर बाटलीत बसून वाढते.

त्या दिवशी बाबांनी सांगितलेलं वाक्य मी माझ्या पाकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: "पाक करताना साखरेकडे बघू नकोस, पाण्याकडे बघ." तेव्हा ते मला नीट कळलं नव्हतं. आता कळतं. साखर कुठेच जात नाही. पातेल्यात टाकली तेवढीच ती बाटलीत येते. ये-जा असते ती पाण्याची. ते वाफ होऊन निघून जातं, थेंब होऊन परत येतं, काठाला अडकतं, ओल्या चमच्यावरून आत शिरतं. पाक टिकणार की नासणार, पातळ राहणार की दाणा धरणार, हे शेवटी पाणी किती उरलं आणि कुठे उरलं यावर ठरतं.

पहिली चूक मी वाट्यांनी मोजण्यात करत होते. 'दोनास एक' म्हणजे दोन कप साखर, एक कप पाणी, एवढंच मला माहीत होतं. पण २४० मिलिलिटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते आणि पाणी २४० ग्रॅम. म्हणजे कपांनी 'दोनास एक' घेतलं तर ४०० ग्रॅम साखरेला २४० ग्रॅम पाणी, साखर ६२.५ टक्के. वजनानं 'दोनास एक' घेतलं तर ६६.७ टक्के. कागदावर हा फरक चार टक्क्यांचा दिसतो. बाटलीत तोच फरक काही आठवडे आणि काही महिने यांच्यातला असतो.

औषधशास्त्रानं हा आकडा फार आधी पक्का केलेला आहे. ब्रिटिश फार्माकोपियातल्या, म्हणजे औषधं कशी करावीत याच्या तिथल्या अधिकृत ग्रंथातल्या, साध्या पाकात वजनानं ६६.७ टक्के साखर असते. अमेरिकन फार्माकोपिया ८५० ग्रॅम साखर घेऊन पाण्यानं एक लिटर पुरा करायला सांगतो, ते वजनानं ६५ टक्क्यांच्या जरासं खाली येतं. दोघांचे रस्ते वेगळे, पण मुक्काम जवळपास एकच. असं का, हे बाबांनी मला टेबलावर दोन बोटं ठेवून समजावलं. हे बोट म्हणजे बुरशी, हे बोट म्हणजे दाणा. पाक यांच्या मधून न्यायचा.

पाकात पाणी जास्त असेल तर बुरशी आणि यीस्ट यांना प्यायला पाणी मिळतं. साखर दाट असेल तर तिनं बहुतेक पाणी स्वतःला बांधून ठेवलेलं असतं. उलट जंतूच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो वाढू शकत नाही. म्हणून ५० टक्क्यांचा पाक फ्रिजमध्येही महिन्याच्या आत संपवावा लागतो आणि ६५ टक्क्यांच्या पुढचा कितीतरी जास्त टिकतो. मग ७५ टक्के का करू नये? कारण दुसरं बोट. २० अंश सेल्सिअसला पाण्यात साखर विरघळते ती फार तर ६७ टक्क्यांच्या आसपास. शून्य अंशाला तीच मर्यादा ६४ च्या आसपास येते. उकळताना पातेल्यात तुम्ही ७५ टक्केही गाठाल, पाक सुंदर दिसेल, पण थंड झाल्यावर तो आपल्या ऐपतीपेक्षा जास्त साखर धरून बसलेला असतो. एखादा कण, एखादा ओरखडा, एक धक्का मिळाला की जास्तीची साखर सुटी होऊन तळाशी बसायला लागते. मर्यादेच्या जवळचा पाक फ्रिजमध्ये ठेवला की कधीकधी खाली दाणा दिसतो, तो यामुळेच. दोन बोटांमधली ही गल्ली जेमतेम दोन-तीन टक्क्यांची आहे. एवढ्या अरुंद जागेतून मी वाट्या घेऊन जात होते, याचं मला आता आश्चर्य वाटतं.

दाणा धरण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मोठ्या खेपेत सगळ्यात जास्त मनस्ताप तोच देतो. उकळी आल्यावर पाक ढवळला की थेंब पातेल्याच्या काठावर उडतात. तिथे पाणी उडून जातं आणि साखरेचे बारीक कण मागे राहतात. त्यातला एक कण परत पाकात पडला की दाट पाकात तो बीज होतो आणि त्याच्याभोवती थर चढत जातात. म्हणून साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर हवं तेवढं ढवळावं आणि उकळी आली की डाव बाजूला ठेवावा. काठाला साखर धरलीच तर पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं ती खाली उतरवावी, किंवा दोन मिनिटं झाकण ठेवावं म्हणजे वाफच काठ धुऊन काढते. एकदा माझ्या ६९ टक्क्यांच्या खेपेतली एक बाटली कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात तीन महिने राहून गेली. काढली तर तळाला बोटाच्या पेरभर उंचीचे स्फटिक, तिरप्या कडांचे, काचेसारखे, एकमेकांच्या अंगावर चढलेले. बाटली वाया गेली, पण ती मी फेकली नाही. संस्कृतातल्या 'शर्करा' शब्दाचा अर्थ आधी वाळू, बारीक खडे असा होता, आणि आपली साखर त्याच शब्दातून आली. त्या बाटलीकडे पाहिलं की पाकालाही पुन्हा खडा व्हायचं असतं असं वाटतं.

त्यावर एक उपाय आंबटाचा आहे. उकळताना लिंबाचे थोडे थेंब किंवा चिमूटभर सायट्रिक आम्ल घातलं की साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन निराळे रेणू होतात. रांगेत बसणाऱ्या एकसारख्या विटांमध्ये वेगळ्या आकाराच्या विटा मिसळल्या की भिंत उभी राहत नाही, तसं होतं, स्फटिक नीट रचला जात नाही. अशा साखरेला इन्व्हर्ट म्हणजे उलटलेली साखर म्हणतात. हे नाव उजेडावरून पडलं. साध्या साखरेचं द्रावण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवतं, फुटलेल्या साखरेचं डावीकडे. मधमाश्या फुलातल्या रसावर हेच काम विकरानं (एन्झाइमनं) करतात. मी लिंबू घालते ते फक्त लिंबूपाण्यासाठीच्या खेपेत. कॉफीच्या पाकात तो मागचा आंबटपणा मला चालत नाही.

पण खेप मोठी करताना मला सगळ्यात जास्त चकवलं ते वेळेनं. अर्ध्या किलोच्या खेपेला मी सहा मिनिटं उकळी द्यायचे, म्हणून दोन किलोला चौपट वेळ दिला. एकदा पाक फार दाट झाला, एकदा पातळ. पाणी उडण्याचा वेग खेपेच्या मापावर ठरत नाही. तो पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतो. पसरट पातेल्यात पाणी भराभर उडतं, उभ्या भांड्यात हळू. पावसाळी दमट दिवशीची गोष्ट निराळी, झाकण अर्धं ठेवलं तर निराळी. एका खेपेची मिनिटं दुसऱ्या खेपेला लागू पडत नाहीत. लागू पडतं ते वजन.

आता माझी पद्धत अशी आहे. रिकाम्या पातेल्याचं वजन त्याच्या कानाखाली मार्करनं लिहिलेलं आहे: १,१४० ग्रॅम. एक किलो साखरेचा ६६.७ टक्क्यांचा पाक हवा तर पाकाचं वजन १,५०० ग्रॅम व्हायला हवं. म्हणजे काट्यावर पातेल्यासकट २,६४०. पाणी मी जरा जास्तच घेते, ६०० ग्रॅम, म्हणजे साखर निवांत विरघळते. मग उकळी, मग पातेलं काट्यावर. २,६९० दिसलं की अजून ५० ग्रॅम पाणी जायचं आहे. २,६१० दिसलं की ३० ग्रॅम उकळतं पाणी वरून घालायचं. गरम पातेलं उचलताना मात्र घाई नको. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. काट्यावर जाड लाकडी पाट ठेवून त्याचं वजन आधीच शून्य करून घेते.

थर्मामीटरही हेच सांगतो, फक्त वेगळ्या भाषेत. पाण्यात साखर जितकी जास्त, तितका उकळबिंदू वर. ५० टक्क्यांचा पाक साधारण १०२ अंशांना उकळतो, ७० टक्क्यांचा १०६ च्या आसपास, ८० टक्क्यांचा ११२ च्या आसपास. म्हणजे उकळत्या पाकाचं तापमान हा उरलेल्या पाण्याचा हिशेबच आहे. बोटांत तार बघणारे हात तेच मोजत असतात: एकतारी, दोनतारी, मग थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी, पुढे कडक गोळी. उंचावर राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, तेव्हा आधी साधं पाणी उकळून आपला थर्मामीटर किती दाखवतो ते बघावं आणि तेवढा फरक धरावा. ६५-६७ च्या त्या गल्लीसाठी मात्र मला थर्मामीटर पुरत नाही. तिथे अर्ध्या-एक अंशात सगळं होऊन जातं. काटा जास्त खरा.

कानही कामाला येतात, हे मला बऱ्याच खेपांनंतर उमगलं. सुरुवातीची उकळी बारीक, घाईची, पाण्यासारखी खळखळते. पाणी कमी होत गेलं की बुडबुडे मोठे होतात, वर येऊन क्षणभर थांबतात आणि मग फुटतात, आवाज खाली उतरतो. दाटपणा टक्क्यांच्या प्रमाणात वाढत नाही, उड्या मारत वाढतो. २० अंशांना ५० टक्क्यांचा पाक पाण्याच्या सुमारे १५ पट दाट असतो, ६० टक्क्यांचा सुमारे ५८ पट आणि ७० टक्क्यांचा जवळजवळ ४८० पट. म्हणून उकळता पाक बघून 'अजून पातळच आहे' असं वाटतं, आणि तो थंड झाल्यावर बाटलीतून पडायला नाराज असतो.

बाबा मात्र पाक उकळायचेच नाहीत. हे ऐकून मी चकित झाले होते. दवाखान्यात एक उभं, खाली निमुळतं होत गेलेलं काचेचं भांडं होतं. त्याच्या गळ्यात ओला कापूस सैलसर बसवायचा, वर जाड दाण्याची साखर भरायची, आणि वरून हळूहळू पाणी सोडायचं. पाणी साखरेतून झिरपत खाली येतं, कापसातून थेंब थेंब गळतं. पहिला उतरलेला पाक पुन्हा वर ओतायचा, साखर संपेपर्यंत. आच नाही म्हणून साखर फुटत नाही, रंग येत नाही, आणि कापूस गाळणीचं कामही करतो. "कापूस घट्ट बसला तर थेंब पडत नाही. सैल बसला तर साखर खाली येते," बाबा म्हणाले, आणि चिमटीत कापूस धरावा तशी बोटं केली. निवृत्तीला कितीतरी वर्षं झाली, पण त्या चिमटीत कापसाचं बरोबर माप होतं.

मीही एकदा नरसाळं आणि कापूस घेऊन करून पाहिलं. अर्धा किलो साखरेला पाऊण दिवस लागला. पाक इतका बिनरंगी उतरला की ग्लासात पाणी आहे की पाक ते वास घेऊनही कळेना. दोन लिटरच्या खेपेला मला ते परवडत नाही. पण घाई नसेल आणि स्वच्छ चव हवी असेल तर याहून चांगली रीत मला माहीत नाही.

आता त्या चार बाटल्यांकडे येते. मी पाक हाताला सोसवेल इतका गरम असताना भरला होता. जंतू मरावेत एवढी ती उष्णता नव्हती, पण वाफ निघावी एवढी नक्कीच होती. ज्या दोन बाटल्यांना लगेच झाकणं लावली, त्यांत ती वाफ कोंडली गेली, थंड झाकणाखाली तिचे थेंब झाले आणि थेंब पाकावर पडले. पाणी हलकं, पाक जड. थेंब आत मिसळत नाही, वर पातळ थर होऊन पसरतो. खाली ६२ टक्के, आणि वर केसाच्या जाडीच्या थरात कदाचित २०. बुरशीला बाटलीभर पाक लागत नाही. तिला तेवढाच थर पुरतो. उघड्या राहिलेल्या दोन बाटल्यांतली वाफ फडक्यातून निघून गेली होती. मी चार बाटल्यांत एकच पाक भरला असं समजत होते. प्रत्यक्षात संध्याकाळपर्यंत ते दोन निराळे पाक झाले होते.

हे समजल्यावर मला दुःख झालं ते दोन बाटल्यांचं नव्हे. त्याआधी कितीतरी वेळा वरचं बेट चमच्यानं काढून खालचा पाक मी वापरला होता, नितळ दिसतो म्हणून. बुरशीचे धागे आणि तिनं सोडलेली द्रव्यं डोळ्यांना दिसतातच असं नाही. तो पाक घरातल्यांनी प्यायला. आता बेट दिसलं की सगळी बाटली मोरीत रिकामी होते.

आणि आता पाक पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण लागत नाही. पातेल्यावर कोरडं फडकं, बाटल्या उकळून, उपड्या घालून आतूनही कोरड्या केलेल्या. एक थेंब राहिला तरी तो त्याच हिशेबात मोजला जातो. चमचा कोरडा. पाक ओतून घ्यायचा, बाटलीत काही बुडवायचं नाही. बाटल्याही लहान घेते, २५० मिलिलिटरच्या, म्हणजे उघडलेली बाटली लवकर संपते आणि बाकीच्यांना हवा लागत नाही. वहीत तारीख, साखर, काट्यावरचं शेवटचं वजन, आणि किती दिवस टिकला. शेवटच्या रकान्यात गेल्या वर्षभरात 'बुरशी' हा शब्द आलेला नाही.

गेल्या रविवारी बाबा आले तेव्हा मी शेवटची बाटली बंद करत होते. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून लेबलं मी लिहिते आणि ते चिकटवतात. त्यांनी बाटली घेतली, काच बाहेरून अजून जराशी कोमट आहे असं म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ती हळूच उपडी केली. झाकणाखाली जमलेलं जे काही होतं ते पाकातून वर चढू लागलं. उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा हलते तशा बारीक, नागमोडी रेषा, बघता बघता पुसट होणाऱ्या. त्यांनी बाटली सरळ केली, परत उपडी केली.

"गेल्या रेषा?" त्यांनी विचारलं. त्यांना आता एवढं बारीक दिसत नाही.

"अजून एक आहे," मी म्हणाले. त्यांनी बाटली परत उलटी केली.